गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा : तक्रार कशी लिहावी?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील महत्त्वाचा भाग असा :

"जानेवारी २०२५ मध्ये आम्ही घरासाठी एका बँकेकडून २८ लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. मुख्य कर्जदार माझे यजमान असून मी सहकर्जदार आहे. बिल्डरला रक्कम देण्याची तारीख तोंडावर आली असताना बँकेच्या अधिकाऱ्यांनी विम्याचा फॉर्म पुढे केला आणि 'यावर सही झाल्याशिवाय चेक निघणार नाही' असे सांगितले. तसाच मजकूर त्यांनी यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवला होता. यजमानांचा २०१९ पासून ५० लाखांचा टर्म प्लॅन (मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा आयुर्विमा) आहे, हे आम्ही त्यांना सांगितले होते. पुढे खात्याचा उतारा पाहिला, तेव्हा कर्ज २९ लाख ५४ हजारांचे दिसले आणि त्यातले १ लाख ५४ हजार विमा कंपनीला गेल्याचे कळले. विम्याचे प्रमाणपत्र बँकेत खेटे घातल्यावर सप्टेंबरमध्ये हाती आले. त्यात संरक्षण दहाच वर्षांचे आहे, माझे नाव नाही, आणि यजमानांना २०२१ पासून मधुमेह असूनही सोबतच्या आरोग्यविषयक निवेदनात त्यापुढे 'नाही' अशी खूण आहे. शाखेतले म्हणतात, सही तुमचीच आहे, विमा कंपनीशी बोला. विमा कंपनी म्हणते, बँकेशी बोला, शिवाय फ्री लूकची, म्हणजे विमा कारण न देता परत करण्याची, मुदत संपली आहे. ओळखीचे एक गृहस्थ २० टक्के घेऊन पैसे परत मिळवून देतो म्हणतात. तक्रार करावी का, आणि ती कशी लिहावी? कर्ज अजून एकोणीस वर्षे याच बँकेत राहणार आहे, याचीही धास्ती वाटते."

भगिनी, तक्रार अवश्य करा, आणि यापुढे एकही शब्द तोंडी न बोलता सर्व काही लेखी करा. शाखेत जाऊन तुम्ही जे बोललात त्याची कुठेही नोंद नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तुमची तक्रार अजून झालेलीच नाही. तुमची बाजू भक्कम आहे. मात्र अशा प्रकरणांत बाजू भक्कम असलेली माणसेही हरतात, कारण त्यांचे पत्र फसवणूक, लूट, विश्वासघात अशा शब्दांनी भरलेले असते आणि बँकेला त्यातल्या एकाही शब्दाचे उत्तर द्यावे लागत नाही. बँक एका ओळीत कळवते की फॉर्मवर ग्राहकाची सही आहे, आणि प्रकरण बंद होते. म्हणून तुमचे पत्र पहिल्या ओळीपासूनच या एका उत्तराला गृहीत धरून लिहिले गेले पाहिजे.

सही नाकारू नका. ती तुमच्या यजमानांचीच आहे आणि तसे पत्रात स्पष्ट म्हणा. फॉर्मवर सही झाली एवढे त्या सहीने सिद्ध होते. सही करण्याआधी दुसरा पर्याय दिला गेला होता, हा विमा ऐच्छिक आहे हे सांगितले गेले होते, संरक्षण कर्जाच्या निम्म्याच मुदतीचे आहे हे समजावले गेले होते, यांपैकी काहीही त्या सहीने सिद्ध होत नाही. गृहकर्जासाठी आयुर्विमा घेणे कोणत्याही कायद्याने सक्तीचे नाही. बँकेने ग्राहकाला विशिष्ट विमा कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती करू नये, निवड ग्राहकाची असावी, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. (गहाण ठेवलेल्या घराचा आगीपासून वगैरे विमा काढण्याची अट कर्जाच्या करारात असू शकते, ती वेगळी बाब आहे. बँकेच्या उत्तरात या दोहोंची सरमिसळ झाली, तर ती तिथल्या तिथे दाखवून द्या.) तेव्हा तक्रारीचा कणा हा असावा : आम्हाला निवड दिली गेली नाही, आणि जी वस्तू दिली गेली ती आमच्या गरजेची नव्हती. पत्रातले प्रत्येक वाक्य या दोन मुद्द्यांपैकी एकाला आधार देणारे असावे, आणि जे वाक्य तसे नसेल ते काढून टाकावे.

निवड नव्हती याचा सर्वांत मोठा पुरावा तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे. तो जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा मानू नका, कारण त्यात कित्येकदा नंबर आणि तारीख दिसत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे चित्र घ्या, संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा, आणि मूळ संदेश ज्या फोनवर आहे तो फोन बदलण्याची घाई करू नका. प्रकरण पुढे ग्राहक आयोगात गेलेच, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील (पुरावा मूळ उपकरणातलाच असल्याचे) प्रमाणपत्र जोडलेले बरे, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते. त्याबरोबरच यजमानांनी आणि तुम्ही वेगवेगळे बसून त्या दिवशीचे बोलणे आठवेल तसे लिहून काढा : कोण हजर होते, फॉर्म भरलेला होता की कोरा, मधुमेहाबद्दल कोणी विचारले का, टर्म प्लॅनचा उल्लेख कोणाजवळ केला. जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहा. एखादी गोष्ट ओढूनताणून लिहिली आणि ती चुकीची निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

आता एक कागद शोधा, ज्याकडे बहुतेक कर्जदार पाहतही नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत (म्हणजे व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या कर्जासोबत) ग्राहकाला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे दर, आकार व मुख्य अटी एका जागी दाखवणारे निवेदन, देणे बंधनकारक आहे, आणि तुमचे कर्ज त्यानंतरचे आहे. हे निवेदन कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. बँक दुसऱ्या कंपनीच्या वतीने जी रक्कम वसूल करते, जशी विम्याची, ती त्यात वेगळी दाखवावी लागते आणि वार्षिक टक्केवारी दरात (व्याज आणि इतर आकार मिळून कर्जाच्या वार्षिक खर्चाच्या दरात) धरावी लागते. अशा प्रत्येक रकमेची पावती व संबंधित कागद वाजवी वेळेत कर्जदाराला देणेही बँकेवर बंधनकारक आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या निवेदनात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण काळात लावता येत नाही. तुमच्या निवेदनात १ लाख ५४ हजारांचा उल्लेखच नसेल, तर बँकेला उत्तर देणे फार जड जाईल. उल्लेख असेल, तर निराश होऊ नका, पण तक्रारीचा रोख बदला. मग 'आम्हाला कळवले नाही' असे लिहू नका, कारण ते खोडले जाईल. 'कळवले, पण नाकारण्याची मुभा दिली नाही' हा मुद्दा पुढे करा, आणि तो संदेश तुमच्या बाजूने बोलेल. निवेदन मिळालेच नसेल, तर ती स्वतंत्र तक्रार आहे आणि ती स्वतंत्र परिच्छेदात मांडा.

विमा गरजेचा नव्हता, हा दुसरा मुद्दा मांडताना लोक फार थोडक्यात आटोपतात, आणि इथेच खरे बळ असते. ब्रिटनमध्ये याच जातीचे फार मोठे प्रकरण घडले. कर्ज किंवा क्रेडिट कार्डासोबत पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स नावाचा विमा तिथल्या बँकांनी वर्षानुवर्षे विकला, अनेकदा संपूर्ण प्रीमियम एकरकमी कर्जातच मिळवून, आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांना किंवा आधीच आजारी असणाऱ्यांनाही, ज्यांना त्या विम्याचा दावा मिळणेच अवघड होते. शेवटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत करावी लागली. नव्या तक्रारींसाठीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ रोजी संपली. तिथल्या वित्तीय लोकपालाकडे (बँका व विमा कंपन्यांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या यंत्रणेकडे) तक्रार करताना जी प्रश्नावली भरावी लागे, तिच्यात ग्राहकाच्या संतापाबद्दल काही विचारलेले नसे. विमा घेतला तेव्हा तुम्ही काय काम करत होता, आजारपणात पगार चालू राहिला असता का, दुसरा विमा होता का, कोणता आजार होता का, असे प्रश्न असत. म्हणजे विकलेली वस्तू आणि त्या माणसाची त्या दिवशीची परिस्थिती यांची सांगड बसत होती की नाही, हे पाहिले जाई. तुमच्या बाबतीत हीच सांगड बसत नाही, आणि ती चार जागी तुटलेली आहे : ५० लाखांचा टर्म प्लॅन आधीच होता आणि तो बँकेकडे हमी म्हणून देता आला असता, कर्ज वीस वर्षांचे आणि संरक्षण दहा वर्षांचे, ईएमआय दोघांच्या उत्पन्नावर मंजूर झाला पण विमा एकाचाच, आणि आरोग्याची माहिती चुकीची नोंदवल्यामुळे दाव्याच्या वेळी तो विमा कामी येईल याची खात्री नाही. या चार वाक्यांपुढे विशेषणांची गरज उरत नाही.

यातला मधुमेहाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तो दुधारी आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विमा सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावर कंपनीला त्यावर शंका घेता येत नाही, परंतु त्याआधी महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून ती विमा नाकारू शकते. ते आरोग्यविषयक निवेदन कोणी भरले हे तुमच्या यजमानांना पक्के माहीत असेल, तर जसे घडले तसेच लिहा : खूण त्यांनी केली नाही, हा प्रश्न त्यांना विचारलाही गेला नाही, आणि निदान झाल्याचे २०२१ मधील कागद सोबत जोडले आहेत. पण खूण त्यांनीच घाईत केली असेल, तर तसे सांगा, आणि ती कोणत्या घाईत झाली ते सांगा. खरी माहिती आज स्वतःहून लेखी कळवणे कुटुंबाच्या हिताचे आहे, मग विमा रद्द होवो अथवा चालू राहो. मूळ प्रस्तावपत्राची आणि आरोग्यविषयक निवेदनाची प्रत विमा कंपनीकडे मागा. विमा देण्यापूर्वी कंपनीने पडताळणीसाठी फोन केला असल्यास त्याचे ध्वनिमुद्रणही मागा. त्या फोनवर अनेकदा 'सगळ्याला हो म्हणा' असे अधिकाऱ्यांनीच सांगितलेले असते. तसे झाले असेल, तर तेही आधीच लिहून टाका, म्हणजे ध्वनिमुद्रण पुढे आल्यावर अडचण होणार नाही.

नुकसान आकड्यांत मांडा. 'लाखो रुपये गेले' हे मोघम आहे. तुमच्या कर्जाचा दर ८.७५ टक्के धरला, तर कर्जात मिळवलेल्या १,५४,००० रुपयांचा वीस वर्षांसाठी ईएमआयमधील वाटा दरमहा सुमारे १,३६१ रुपये होतो. वीस वर्षांत या प्रीमियमपोटी सुमारे ३ लाख २६ हजार रुपये भरले जातील. पहिल्या महिन्याच्या १,३६१ रुपयांपैकी सुमारे १,१२३ रुपये नुसते व्याज आहे. दहा वर्षांनी संरक्षण संपेल, पण त्या संरक्षणाचे कर्ज आणखी दहा वर्षे फेडावे लागेल. हे शेवटचे वाक्य पत्रात जरूर घाला. तुमचा दर वेगळा असेल, तर हिशेब करून अचूक आकडा टाका आणि हिशेबाचा तक्ता जोडा.

आता पत्रे दोन लिहा, एक नव्हे. बँक आणि विमा कंपनी तुम्हाला एकमेकांकडे टोलवतात, याचे कारण तुमची तक्रार दोघांच्या मधोमध पडते. बँकेच्या वर्तनावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, विम्याच्या करारावर आयआरडीएआय या विमा नियामकाची, आणि प्रत्येक लोकपाल आपल्या कक्षेबाहेरची तक्रार परत पाठवतो. म्हणून बँकेच्या पत्रात बँकेने काय केले तेवढेच लिहा : कर्जाला विम्याची अट घातली, प्रीमियम कर्जात मिळवला, आणि की फॅक्ट स्टेटमेंट किंवा पावती दिली नसेल तर तेही. विमा कंपनीच्या पत्रात विम्याचे तेवढेच लिहा : अटी सांगितल्या नाहीत, मुदत चुकीची, आरोग्याची माहिती चुकीची, प्रमाणपत्र वेळेत दिले नाही. दोन्ही पत्रे मुख्य कर्जदार आणि विमाधारक या नात्याने यजमानांच्या सहीने जाऊ द्या, बँकेच्या पत्रावर सहकर्जदार म्हणून तुमचीही सही हवी.

बँकेच्या पत्राचा गाभा साधारण असा असू शकतो :

"आमच्या गृहकर्ज खात्यात दिनांक … रोजी १,५४,००० रुपये ही रक्कम विम्याचा प्रीमियम म्हणून कर्जाच्या मुद्दलात मिळवण्यात आली. विम्याच्या फॉर्मवर माझी सही आहे. तथापि दिनांक … रोजी आपल्या अधिकाऱ्यांनी मला लेखी संदेशाद्वारे कळवले की या फॉर्मवर सही झाल्याशिवाय कर्जाचे वितरण होणार नाही. संदेशाची प्रत सोबत जोडली आहे. विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगितले गेले नाही आणि अन्य कंपनीचा विमा किंवा माझा विद्यमान टर्म प्लॅन स्वीकारण्याचा पर्याय दिला गेला नाही, जरी त्या टर्म प्लॅनची माहिती मी आपल्या अधिकाऱ्यांना दिली होती. हा विमा ऐच्छिक असल्याचे कळते, तर मी तो घेतला नसता. माझ्या सहीखेरीज, मला निवड दिली गेली होती हे दर्शवणारा कोणताही कागद बँकेकडे असल्यास त्याची प्रत द्यावी."

त्यापाठोपाठ मागणी. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम मिळते, आणि 'योग्य ती कारवाई करावी' असे लिहिणे म्हणजे काय करायचे ते बँकेनेच ठरवावे असे सांगणे आहे. तुमची मागणी ही असावी : विमा सुरुवातीपासून रद्द धरून १,५४,००० रुपये वितरणाच्या तारखेपासून मुद्दलातून वजा करावेत, त्या रकमेवर आजवर आकारलेले व्याज खात्यात जमा करावे, आणि सुधारित परतफेडीचा तक्ता द्यावा. रक्कम परत मिळाल्यावर ईएमआय कमी हवा की मुदत कमी हवी हेही लिहा, नाहीतर बँक आपल्या सोयीचे करील. या विक्रीबद्दल बँकेला विमा कंपनीकडून किती कमिशन मिळाले, हाही प्रश्न विचारा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ मध्ये आलेल्या प्लेविन खटल्यात प्रीमियमचा ७१.८ टक्के भाग कमिशन होता आणि ते ग्राहकाला सांगितले नव्हते, एवढ्या कारणावरून न्यायालयाने ते कर्जसंबंध अन्यायकारक ठरवले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. तरीही सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्यातून किती पैसे मिळाले, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. विमा कंपनी 'सरेंडर करा, जे मूल्य येईल ते देतो' असे सुचवील. सरेंडर म्हणजे विमा वैध होता हे मान्य करून तो मधेच सोडणे, आणि त्यात मिळणारी रक्कम भरलेल्या प्रीमियमपेक्षा कमी असते. तक्रार प्रलंबित असताना सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका. तडजोड म्हणून काही रक्कम देऊ केली आणि ती तुम्हाला पटली, तर ती लेखी घ्या आणि 'संपूर्ण व अंतिम' हे शब्द असलेल्या कागदावर विचार केल्याखेरीज सही करू नका. तुमच्या यजमानांचा जुना टर्म प्लॅन चालू आहे, म्हणून हा विमा रद्द झाला तरी कुटुंब उघडे पडत नाही. ज्या वाचकांकडे दुसरे कोणतेही संरक्षण नाही, त्यांनी मात्र नवा विमा हाती आल्याशिवाय जुना रद्द करण्याचा आग्रह धरू नये.

फ्री लूकबद्दल. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयआरडीएआयच्या नियमांनुसार ही मुदत पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. पॉलिसीच्या तारखेपासून ती मोजली जात नाही. प्रमाणपत्र तुम्हाला सप्टेंबरमध्ये मिळाले, तेव्हा ते त्याआधी पाठवल्याचा पुरावा विमा कंपनीने दाखवावा, असे पत्रात लिहा. तुमचा विमा समूह विमा (बँकेच्या अनेक कर्जदारांसाठी एकत्र घेतलेला) असल्यास त्याच्या प्रमाणपत्रावर या मुदतीबद्दल काय छापले आहे तेही वाचा. पण त्यापेक्षा महत्त्वाचे असे की फ्री लूक ही कोणतेही कारण न देता विमा परत करण्याची सोय आहे. चुकीचे सांगून किंवा सक्तीने विकल्याची तक्रार तिच्यावर अवलंबून नाही. मुदत संपली म्हणून तक्रारीचा हक्क संपला, असे जे तुम्हाला सांगितले गेले ते चूक आहे.

पत्र शाखा व्यवस्थापकाला देऊन थांबू नका. त्याची प्रत बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि प्रधान नोडल अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, आणि तक्रार क्रमांक मिळवा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तसेच पाठवा आणि तीच तक्रार आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवा. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही ती नोंदवता येते. कंपनीने साधारण दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. मराठीत लिहिण्यास हरकत नाही, परंतु मुख्य कार्यालय राज्याबाहेर असल्यास सोबत इंग्रजी प्रत दिल्याने बराच वेळ वाचतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. योजनेने ठरवलेल्या मुदतीतच हे करावे लागते, म्हणून दिरंगाई करू नका. शुल्क नाही आणि वकील लागत नाही. उलट या योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार, तो स्वतः ग्राहक असल्याखेरीज, स्वीकारलीच जात नाही. यजमानांना वेळ नसेल, तर ते तुम्हाला प्रतिनिधी म्हणून लेखी अधिकार देऊ शकतात. (ज्यांचे कर्ज बँकेऐवजी गृहवित्त कंपनीचे आहे, त्यांची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते.) विमा कंपनीने एका महिन्यात समाधान केले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. साताऱ्यासाठी ते पुण्यात आहेत. समूह विम्याच्या तक्रारीही तिथे चालतात, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, आणि तिथेही शुल्क नाही. लोकपालापुढे तीच दोन-तीन पाने ठेवा जी तुम्ही आधी पाठवलीत. प्रत्येक पायरीवर नवी गोष्ट सांगत गेलात, तर आधीची कमकुवत होत जाते.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्यानंतरचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगात तक्रार दाखल करावी लागते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तुमच्या बाबतीत ही मुदत सुरक्षितपणे मोजायची तर जानेवारी २०२५ पासून मोजा, म्हणजे जानेवारी २०२७ पूर्वी. लोकपालाकडे प्रकरण असताना ही तारीख नजरेआड होऊ देऊ नका. आयोगात आधी गेलात, तर त्याच विषयावर लोकपालाचे दार बंद होते, म्हणून क्रम पाळा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

२० टक्के मागणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्या. ब्रिटनमध्येही अशा मध्यस्थांचा मोठा धंदा उभा राहिला होता. ग्राहक स्वतः विनामूल्य करू शकत होता त्याच अर्जासाठी ते परताव्याचा वाटा घेत, आणि अखेर २०१८ मध्ये तिथे या शुल्कावर २० टक्क्यांची कमाल मर्यादा घालावी लागली. तुमचे पैसे परत आले, तर त्यातले तीस हजार रुपये अशा माणसाला देण्याचे काहीच कारण नाही. त्याहून वाईट म्हणजे असे लोक सर्वांसाठी एकच छापील मजकूर वापरतात, आणि तुमच्या प्रकरणाचे बळ तर त्या संदेशात, टर्म प्लॅनमध्ये आणि २०२१ च्या वैद्यकीय कागदांतच आहे. त्यांना ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा कोऱ्या कागदावरची सही तर मुळीच देऊ नका.

राहिली बँकेची धास्ती. तक्रार केली म्हणून बँक कर्ज परत मागू शकत नाही, दर वाढवू शकत नाही किंवा कागदपत्रे अडवू शकत नाही. कर्जाचा करार विम्याच्या वादाने बदलत नाही. तुम्ही मात्र एक पथ्य पाळा : निकाल लागेपर्यंत संपूर्ण ईएमआय वेळेवर भरत राहा, विम्याचा वाटा कापूनही नव्हे. एखादा ईएमआय चुकला की त्याची नोंद तुमच्या क्रेडिट अहवालात जाते आणि मूळ वादाऐवजी थकबाकीचीच चर्चा सुरू होते. वादग्रस्त रक्कम 'हक्क राखून' भरत आहोत, असे एक वाक्य बँकेच्या पत्रात घाला. तेवढे झाले की या आठवड्यात की फॅक्ट स्टेटमेंट, मंजुरीपत्र, खात्याचा उतारा आणि प्रमाणपत्र एकत्र करा. निवेदनात त्या १ लाख ५४ हजारांचा उल्लेख आहे की नाही, एवढे मला कळवा, म्हणजे बँकेच्या पत्रातील पहिला परिच्छेद कोणता ठेवायचा ते नेमके सांगता येईल.